गुरू गेल्यानंतरचे चरित्र

कर्जतला राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी न शिकवताच कळते. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी ह्या स्टेशनात थांबते ती केवळ बटाटेवड्यासाठी नव्हे. पुढे बोरघाटाचा चढ असतो. सदतीस फुटांस एक फूट. एकट्या पुढच्या इंजिनाला तो झेपावयाचा नाही, म्हणून बहुतेक गाड्यांच्या पाठीशी इथे आणखी इंजिने येऊन लागतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. मागून रेटा देत देत ती गाडीला लोणावळ्यापर्यंत पोचवतात, तिथे सुटी होतात आणि मुकाट्याने घाट उतरून परत येतात. पोरे हात हलवतात ते पुढच्या इंजिनाला. मागच्याकडे कोणी पाहत नाही.

धर्मपंथांच्या इतिहासाविषयी काही वाचू लागलो की मला आमच्या ह्या बँकराची आठवण होते. पंथ स्थापन करणाऱ्या मूळपुरुषाची चरित्रे पुष्कळ असतात. त्याच्या जन्मकथा, त्याचे चमत्कार, त्याची वचने. सारे हौसेने लिहिले जाते. पण खरा चढ लागतो तो मूळपुरुष दृष्टीआड झाल्यावर. मागे राहिलेल्या बावरलेल्या माणसांना कोणी सांभाळायचे? 'स्वामी असे म्हणाले होते' आणि 'नाही, तसे म्हणाले होते' ह्या भांडणांचा निवाडा कोणी करायचा? हे काम ज्याच्या गळ्यात पडते त्या माणसाचे चरित्र क्वचितच लिहिले जाते, आणि लिहिले गेले तरी ते बहुधा धड नसते.

मराठीत असे एक धड चरित्र आहे. त्याचे नाव 'स्मृतिस्थळ'. दिवाळीच्या फराळासोबत तेराव्या-चौदाव्या शतकातल्या पोथीचा विषय काढावा हे कोणाला रुचणार नाही कदाचित. पण ह्या पुस्तकाचे मला एक देणे आहे आणि ते मी चारचौघांत फेडावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ते देणे कोणते, हे शेवटी सांगेन. आधी पुस्तक.

•

'लीळाचरित्र' हे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानांवरून गेलेले असते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर ह्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या आणि मराठीतला पहिला थोर गद्यग्रंथ सिद्ध झाला, इतके आपण परीक्षेत लिहिलेले असते. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला ती गोष्टही पुष्कळांना आठवत असेल. चक्रधर मूळचे गुजरातेतील भडोचचे, प्रधानाचे पुत्र. राज्य आणि घर सोडून ते वऱ्हाडात आले, रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना त्यांनी गुरू मानले आणि पुढे गोदावरीच्या काठी मराठी माणसांत मराठीतून बोलत हिंडले. जातीची, शिवाशिवीची, बायकांच्या विटाळाची त्यांनी फारशी पर्वा केली नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रामदेवराय यादवाच्या कारकिर्दीच्या आरंभी, प्रतिष्ठितांचा त्यांच्यावर रोष झाला. त्यानंतर ते उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. त्यांच्या अंताविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या विषयापुरते इतके पुरे की ते गेले आणि माणसे मागे राहिली.

ह्या मागे राहिलेल्यांत नागदेव हे प्रमुख. त्यांना भटोबास म्हणत. आधी ही मंडळी गोविंदप्रभूंच्या आश्रयाला रिद्धपुरास राहिली. तेही गेल्यावर मात्र वर छत्र उरले नाही. पंथाचा पहिला आचार्य म्हणून नागदेवाला उभे राहावे लागले. 'स्मृतिस्थळ' हे मुख्यतः त्या काळाचे पुस्तक. नागदेव काय बोलले, कोणाला काय म्हणाले, कोणाला कसे सांभाळले, अशा अडीचशेहून अधिक छोट्या छोट्या आठवणी त्यात आहेत. काही आठवणी तर चार ओळींत संपतात. वा. ना. देशपांडे ह्यांनी १९३९ साली ते छापून काढले तेव्हा अभ्यासकांपलीकडच्या मराठी वाचकाला ते प्रथम दिसले.

पुस्तक हाती घेतल्यावर पहिले आश्चर्य वाटते ते हे की, पंथप्रमुखाचे चरित्र असूनही त्यात पंथप्रमुखाचा थाट नाही. पहिल्यांदा जो नागदेव आपल्याला भेटतो तो दुःखाने खचलेला माणूस आहे. स्वामींचा विरह त्याला सोसत नाही. तो एकटा बसतो आणि स्वामींच्या लीळा मनाशी घोळवीत राहतो. म्हाइंभट हे पाहतात, हे काय चालले आहे असे विचारतात, आणि त्यातून त्यांना सुचते की ह्या आठवणी लिहून ठेवाव्यात. म्हणजे मराठीतला तो थोर गद्यग्रंथ जन्मला तो एका शोकात बुडालेल्या माणसाच्या पुटपुटण्यातून. आमच्याकडे घरातले वडील माणूस गेल्यावर बायका दिवस घालेपर्यंत रोज संध्याकाळी त्याच्याच गोष्टी काढून बसतात, तसेच हे. ही मानवी गोष्ट शिष्यांना लपवता आली असती. आचार्य रडत नव्हते, ध्यान करीत होते, असे लिहिता आले असते. त्यांनी तसे लिहिले नाही.

•

नागदेव हा मूळ वचनाला घट्ट धरून राहणारा माणूस होता. स्वामींनी सांगितले आहे भिक्षा मागून राहा, तर भिक्षाच. स्वामींनी सांगितले आहे एका जागी पाय रोवू नका, तर हिंडणेच. स्वामींनी सांगितले आहे महाराष्ट्रातच असा, तर परमुलखात जावयाचे नाही. आजच्या भाषेत ज्याला मूलतत्त्ववादी म्हणतात, तो शब्द ह्या माणसाला लावता आला असता. मी स्वतः हा शब्द ऐकला की सावध होतो. जगात त्याचे फार वाईट अर्थ पाहिले आहेत.

त्यांतला एक अर्थ इथे सांगावासा वाटतो, कारण त्याने नागदेवाचे वेगळेपण नीट दिसते. अमेरिकेत जोसेफ स्मिथ ह्याने १८३० साली मॉर्मन चर्च स्थापन केले. १८४४ साली इलिनॉय राज्यात कार्थेज इथल्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारले. मागे राहिलेल्यांत कोणाचे ऐकायचे ह्यावरून फाटे फुटले. मोठा गट ब्रिगॅम यंगच्या मागून १८४७ साली दूर पश्चिमेला, आजच्या युटा राज्यात जाऊन वसला. त्यांच्यात बहुपत्नीत्वाची चाल होती. सरकारच्या दडपणाखाली १८९० साली चर्चने ती चाल सोडल्याचे जाहीर केले. तेव्हा काही जण म्हणाले, मूळ वचन सोडणारे तुम्ही. आम्ही ते सोडणार नाही. मुख्य चर्च त्यांना आपले मानीत नाही. पण ते मूळवादी गट आडरानात, दोन राज्यांच्या सीमेवर, आपले आपण राहू लागले. १९५३ साली त्यांच्या शॉर्ट क्रीक ह्या वस्तीवर सरकारने छापा घातला, पोरे आयांपासून दूर नेली; आणि छळ झालेल्या सगळ्याच पंथांचे होते तसे त्यांचे झाले. ते अधिक आतल्या आत वळले. ह्या गटाचा प्रमुख रूलन जेफ्स २००२ साली वारला आणि त्याचा मुलगा वॉरेन जेफ्स त्याच्या जागी बसला. कोणाचे लग्न कोणाशी, कोणी वस्तीत राहावे आणि कोणी निघून जावे, हे सारे तो एकटा ठरवू लागला. अखेर अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांबद्दल टेक्सासच्या न्यायालयाने २०११ साली त्याला जन्मठेप दिली.

ह्या माणसाविषयी जी पुस्तके आहेत ती पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतली लक्षात राहण्याजोगी पुस्तके तिथून सुटून आलेल्या बायकांनी लिहिली आहेत. कॅरोलिन जेसप हिचे 'एस्केप' २००७ चे, एलिसा वॉल हिचे पुढच्या वर्षीचे. आत असताना त्यांना बोलता येत नव्हते. बोलण्यासाठी कुंपण ओलांडावे लागले.

आता नागदेवाकडे परत येऊ. दोन्हीकडे छळ आहे, दोन्हीकडे गेलेला मूळपुरुष आहे, दोन्हीकडे 'मूळ वचन सोडू नका' असे म्हणणारा प्रमुख आहे. मग फरक कुठे? पकड घट्ट की सैल, हा तो फरक नव्हे. नागदेवाची पकडही घट्टच होती. फरक आहे तो कोणासाठी धरून ठेवले ह्यात.

'स्मृतिस्थळा'तली एक आठवण प्रसिद्ध आहे. केशिराज, म्हणजे केसोबास, हे पंथातले गाढे पंडित. संस्कृतात रचना करण्याची त्यांची हातोटी मोठी. त्यांनी ग्रंथरचना संस्कृतात करावयास घेतली तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवले. का? संस्कृत अपवित्र म्हणून नव्हे. त्यांचे कारण साधे होते: तसे केले तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या नागवल्या जातील. आणखी एकदा पंडित मंडळी संस्कृतात काही विचारू लागली, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की मला हे तुमचे संस्कृत कळत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, तुम्हीही मराठीतच विचारा.

ह्या आठवणी मराठीच्या अभिमानासाठी फार वेळा सांगितल्या जातात. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही 'लीळाचरित्रा'चे नाव पुन्हा पुन्हा निघाले. ते योग्यच आहे. पण मला वाटते, भाषाभिमानाच्या भरात त्या वाक्यातल्या म्हाताऱ्या हरवतात. नागदेवाला भाषेचा झेंडा लावावयाचा नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर ठरावीक माणसे होती. रांधणाऱ्या, भिक्षा मागणाऱ्या, रोज निरूपणाला येऊन बसणाऱ्या बायका. मूळ वचनाला तो चिकटला तो त्या वचनावरचा त्या बायकांचा हक्क जाऊ नये म्हणून. वॉरेन जेफ्ससारखा माणूस मूळ वचनाचा आधार घेतो तो समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी; नागदेव घेतो तो समोरच्याला कळावे म्हणून. पंथप्रमुखाची पारख करावयाची तर ती इथे करावी.

•

ह्याचा पुरावा केवळ नागदेवाच्या बोलण्यात नाही, पुस्तकांच्या घडणीतही आहे. महानुभावांनी आपल्या मूळपुरुषाचे चरित्र कसे लिहिले पाहा. म्हाइंभटांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे हिंडून आठवणी मिळवल्या आणि नागदेवांकडून पारखून घेतल्या. महदाइसा, उमाइसा, एल्हाइसा, हिराइसा अशा बायका त्यांत साक्षीदार म्हणून आहेत. महदाइसा तर सदा प्रश्न विचारणारी. हिराइसेची स्मरणशक्ती अशी की पुढे यादवांचे राज्य कोसळण्याच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा तिच्या आठवणीवरून उभा केलेला एक पाठ पंथात मान्यता पावला. आणि एखादी गोष्ट दोघांना दोन तऱ्हेने आठवत असली, तर महानुभावांनी त्यांतली एक खोडली नाही. दुसरी आठवण 'वासना' म्हणून तिथेच नोंदवून ठेवली. शब्दही किती नेमका! ही खोटी, ती खरी, असे न म्हणता, त्या माणसाच्या ठायी राहिलेला हा ठसा, इतकेच ते म्हणतात.

म्हाइंभट स्वतः विद्येचा ताठा घेऊन वाद घालावयास आलेले पंडित. तो ताठाही त्यांनी ग्रंथातून वगळला नाही. आपल्याकडे पुढे जी संतचरित्रे आणि बुवाचरित्रे झाली त्यांच्याशेजारी हे ठेवून पाहावे. तिथे महाराज बालपणापासून सर्वज्ञ असतात, शिष्य बालपणापासून नम्र असतात, आणि दोघांच्याही आयुष्यात कधी जेवण करपत नाही.

'स्मृतिस्थळा'त आणखी एक आठवण आहे, ती लिहिणाऱ्या प्रत्येकाने उशाशी ठेवावी. नरेंद्र हा कवी. त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले आणि रामदेवरायाच्या सभेत वाचले. राजाला ते इतके आवडले की, प्रत्येक ओवीला सोन्याचे नाणे देतो, काव्यावर माझे नाव घाल, असे तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. तसे केले तर कवींच्या कुळाला बट्टा लागेल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. मूळ पोथी राजाकडेच राहिली. नरेंद्राला आणि त्याच्या भावांना जेवढे आठवत होते तेवढे, म्हणजे सुमारे नऊशे ओव्या, घेऊन ते निघाले आणि नागदेवाकडे आले. आज आपण वाचतो ते काव्य अपुरे आहे. पण ते अपुरे आहे म्हणूनच पुरे वाटते.

•

केवळ स्तुती करून थांबलो तर मीही बुवाचरित्रच लिहिले असे होईल. 'स्मृतिस्थळा'त दोन उणिवा मला जाणवतात.

पहिली अशी की, घर सोडून आलेल्यांचे हे पुस्तक आहे. घरी राहिलेल्यांचे नाही. वैराग्य घेऊन निघालेल्या माणसाच्या मागे चूल असते, पोरे असतात, म्हातारे आईबाप असतात. त्यांच्या तोंडचे शब्द ह्या आठवणींत मला फारसे सापडले नाहीत. नागदेवाने ज्या म्हाताऱ्यांची काळजी वाहिली त्या त्याच्याबरोबर चालत आलेल्या. गावात मागे राहिलेल्या म्हातारीचे काय, हा प्रश्न ग्रंथकर्त्याला पडलेला दिसत नाही. संन्यासाचा गौरव करणाऱ्या बहुतेक वाङ्मयाचा हा दोष आहे. पण बाकी इतक्या बारकाईने माणसे पाहणाऱ्या पुस्तकात तो अधिक खटकतो.

दुसरी उणीव पुस्तकाची नव्हे, पंथाच्या पुढच्या वाटचालीची. नागदेवानंतर आचार्यपण बाइदेवोबासांकडे आणि मग कवीश्वरबासांकडे गेले. पुढे पंथाच्या शाखा झाल्या. परंपरा तेरा आम्नाय सांगते. चौदाव्या शतकात पोथ्या सकळा, सुंदरी अशा गुप्त लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. छळाचे भय होते, ग्रंथांचे पावित्र्य राखण्याची काळजी होती. कारणे समजण्यासारखी आहेत. पण परिणाम काय झाला? म्हाताऱ्या बायकांना कळावे म्हणून जे मराठीत राखले, ते इतर मराठी माणसांना कित्येक शतके वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाडे, भावे आदी संशोधकांनी त्या लिप्या उलगडल्या तेव्हा कुठे दार उघडले. 'लीळाचरित्र' ह. ना. नेने ह्यांनी नागपुरास छापले, पुढे तुळपुळे ह्यांनी आणि १९७८ साली वि. भि. कोलते ह्यांनी संपादिले. कोलते ह्यांच्या आवृत्तीतल्या काही लीळांना पंथीयांनी हरकत घेतली आणि वाद माजला. ज्या पंथाच्या पूर्वसूरींनी न पटणारी आठवणही 'वासना' म्हणून जपली, त्याच पंथात काही आठवणी छापू नयेत असे वाटू लागले. हे मी दोष देण्याच्या बुद्धीने सांगत नाही. आपल्या पूज्य माणसाविषयी असे वाटणे किती सोपे आहे हे मला फार जवळून माहीत आहे. तेच आता सांगावयाचे आहे.

•

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. मी शाळेतून निवृत्त झालो होतो. मराठीचा मास्तर म्हणून पंचक्रोशीत थोडे नाव होते. खालापूर तालुक्यातील पाताळगंगेकाठच्या एका गावातून चारपाच मंडळी मजकडे आली. गावाबाहेर झोपडी बांधून राहिलेले एक महाराज मागल्या वर्षी समाधिस्थ झाले होते. माणूस चांगला होता. दारू सोडवायचा, भांडणे मिटवायचा, औषधपाणी सांगायचा. पुण्यतिथीला त्यांचे छोटे चरित्र काढावे असे मंडळींच्या मनात होते. गावातल्या एका तरुणाने दोन वह्या भरून आठवणी जमवल्या होत्या. त्या नीट करून द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे. मी आनंदाने होकार दिला.

वह्यांत पुष्कळशा आठवणी ठरावीक होत्या. साप आला आणि निघून गेला, पाऊस आला आणि थांबला. पण एक आठवण मला चटका लावून गेली. ती महाराजांना रोज भाकरी नेऊन देणाऱ्या एका म्हातारीची होती. एके दिवशी तिला उशीर झाला, कारण घरात नातू तापाने फणफणला होता. महाराज तिच्यावर भडकले, चारचौघांत नाही ते बोलले. ती रडत घरी आली. त्या रात्री मुसळधार पाऊस. दार वाजले म्हणून तिने उघडले तर महाराज निथळत उभे. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आजी, चुकलो." मग नातवाच्या उशाशी बसून राहिले ते उजाडेपर्यंत.

मी ती आठवण पुस्तकाच्या मध्यावर घातली. कच्चा मजकूर मंडळींना दाखवला तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. "मास्तर, महाराज रागावले असं छापायचं? आणि महाराज चुकले असं?" मी थोडा वाद घातला. मग त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुमचं खरं असंल. पण लोकांना श्रद्धा लागते." मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मी उत्तर शोधले नाही. लाल पेन्सिल घेतली आणि ते पान काढून टाकले. पुण्यतिथीला शाल मिळाली, नारळ मिळाला, पाकीटही मिळाले. मी घेतले. पुस्तक सुबक निघाले होते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, एका पावसाळ्यात, घाटात दरड कोसळून गाड्या बंद पडल्या आणि मी घरी अडकलो तेव्हा 'स्मृतिस्थळ' नीट वाचले. विद्यार्थिदशेत परीक्षेपुरते चाळले होते. वाचले ते आता. नरेंद्राच्या आठवणीशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवले. राजाने देऊ केलेले सोने एकाने नाकारले होते. मी एका शालीवर भागवले होते. पुन्हा उघडले तो केसोबास आणि म्हाताऱ्या बायका. त्या म्हाताऱ्या नागवल्या जाऊ नयेत म्हणून एक आचार्य आपल्या सर्वांत विद्वान शिष्याला अडवतो. आणि मी एका म्हातारीची एकुलती एक आठवण पेन्सिलीने काढून टाकली होती. श्रद्धेसाठी! ज्या आठवणीने त्या माणसावर माझी स्वतःची श्रद्धा बसली होती तीच मी काढली होती.

हेच ते देणे. चांगले पुस्तक आपल्याला शहाणे करते असे म्हणतात. मला ह्या पुस्तकाने शरमिंदा केले, आणि मला वाटते ते काम अधिक मोठे आहे.

पाऊस उघडल्यावर मी खोपोलीची गाडी धरली, उतरून पुढे टमटमने त्या गावी गेलो. म्हातारी हयात होती. ओटीवर वाल सोलत बसली होती. ऐकू कमी येत होते, पण मला तिने ओळखले. चहा झाला. मी अडखळत म्हटले, "आजी, तुम्ही महाराजांची आठवण सांगितली होती, पावसातली. ती पुस्तकात आली नाही."

ती वालाकडे पाहत म्हणाली, "म्हाईत हाय मला. नातीकडून वाचून घेतला ना पुस्तक. दोनदा वाचून घेतला. म्हटलं, पोरीनं पान चुकवलं असंल."

मी काही बोललो नाही. पिशवीतून वही काढली आणि म्हणालो, "आजी, पुन्हा सांगता?"

तिने सूप बाजूला सारले. ह्या वेळी सांगताना पहिल्या वहीतल्यापेक्षा दोन गोष्टी निराळ्या आल्या. महाराज हात जोडून उभे राहिले ते नव्हे, उंबऱ्यावर बसले होते, असे ती म्हणाली. आणि नातू नव्हे, आजारी होती ती नात, जिने पुस्तक वाचून दाखवले तीच. मी दोन्ही लिहून घेतले. पहिले खोडले नाही.